येतो म्हणावं

१

आमच्या घरात "जातो" हा शब्द चालत नसे. घराबाहेर पडताना "येतो" म्हणायचं, हे मला माझ्या आईनं शिकवलं आणि लग्नानंतर मी ते आमच्या यांच्या मागं लावलं. हे, म्हणजे अवधूत, मला चिडवायला मुद्दाम फाटकापाशी जाऊन म्हणायचे, "जातो बरं का." मग मी हातातलं काम टाकून दारात यायची.

"असं म्हणू नये. येतो म्हणावं."

"येतो, कुंदे, येतो," म्हणत ते सायकलवर टांग टाकायचे. बावीस वर्षं हा खेळ चालला.

मार्चमधल्या त्या रविवारीही चालला. त्या दिवशी ते कोपऱ्यापर्यंत पोचलेसुद्धा होते. मी हाक मारून त्यांना परत बोलावलं, आणि ते सायकल वळवून आले, हसले, "येतो" म्हणाले. त्यानंतर दीड तासानं चांदमारीच्या खड्ड्यात ते गेले. डॉक्टर म्हणाले हृदय.

चांदमारी म्हणजे रायफल क्लबचं मैदान. लोहाऱ्याच्या पुढं, बंद पडलेल्या एका जिनिंग कारखान्याच्या मागं आहे. एका टोकाला गोळी मारणारे सतरंजीवर पालथे झोपतात. तीनशे मीटरवर मातीचा उंच बांध, बांधावर लाकडी चौकट, चौकटीवर कागदाचा निशाणा. चौकटीच्या खाली, बांधाआड, सिमेंटचा पुरुषभर खोल खड्डा. त्यात एक माणूस बसतो. गोळी लागली की तो खालून लांब काठी वर करतो आणि काठीच्या टोकाची लाल चकती गोळी लागली त्या जागी टेकवतो. गोळी चुकली तर लाल झेंडी आडवी हलवतो. गोळ्या डोक्यावरून जातात, त्याला काही होत नाही.

हे कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. दोन्ही हातांच्या चिमटीत रुई धरायची, हळूच ओढायची आणि धाग्याची लांबी बघून सांगायचं, कापूस कोणत्या प्रतीचा. केंद्र बंद झालं तेव्हापासून रविवारी ते खड्ड्यात बसू लागले. मी एकदा विचारलं, तुम्हाला त्यात काय गोडी वाटते. म्हणाले, "केंद्रावर लोकाइले कमीच सांगा लागे, कुंदे. इथं जिथं लागली तिथं दाखवायची. बस."

त्या दिवशी चकती वर आली नाही. वरच्या लोकांना वाटलं, कागदाची भोकं चिकटवत असतील. दहा मिनिटं सगळे वाट बघत राहिले.

२

दिवाळी झाल्यावर अनघा म्हणाली, "आई, मले तीनशे मीटर शिकायचं आहे."

अनघा आमची एकुलती एक. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, एनसीसीत होती.

मी पोळ्या लाटत होते. "तुझी एनसीसीची रायफल आहे ना?"

"ते पन्नास मीटरचं. खेळण्यावानी. बाबा म्हणत होते ना, तू मार अनू, मी खालून दाखवतो."

मी लाटणं थांबवलं नाही. नाही म्हणायला माझ्याजवळ कारण होतं, पण तिच्या तोंडावर सात महिन्यांनी काहीतरी उजळलं होतं. तिला एकटीला पाठवायचं नाही, एवढंच मी ठरवलं. मग दर रविवारी सकाळी आम्ही दोघी डबा घेऊन ऑटोनं जाऊ लागलो.

शिकवणारे उत्तमसिंग पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. बंदुका दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "तीन इतवार गोळी नाही मिळणार, बेटा. आधी झोपणं शिक."

आणि खरंच, तीन रविवार पोरगी नुसती पालथी झोपली. डावं कोपर रायफलच्या बरोबर खाली. कातडी पट्टा दंडाला इतका आवळलेला की बोटं लाल व्हायची. नळीवर चार आण्याचं नाणं ठेवायचं आणि रिकाम्या रायफलीचा घोडा असा दाबायचा की नाणं पडू नये. श्वास अर्धा सोडून थांबायचं. त्या थांबलेल्या श्वासात घोडा आपोआप सुटला पाहिजे, आपल्याला कळायच्या आत.

"गाल कुंद्यावर," उत्तमसिंग म्हणाले आणि माझ्याकडं बघून ओशाळले. "माफ करा वैनी. लाकडी दस्त्याले कुंदाच म्हणतात."

मला हसू आलं. हे पहिल्यांदा चांदमारीवरून घरी आले होते तेव्हा म्हणाले होते, "आज दिवसभर तुझंच नाव चालू होतं. कुंदा जवळ घे, कुंदा हलू देऊ नको, कुंद्याले गाल लावल्याशिवाय नेम नाही."

वारा बघायला उत्तमसिंग कापूस वापरत. त्या वर्षी भाव इतका पडला होता की कापसाचं नाव आमच्याकडं कोणी फारसं काढत नसे. पण जिनिंगच्या काटेरी तारेला जुनी रुई अडकून होती. तिचा पुंजका काढून ते चिमटीतून सोडत. तो जिकडं तरंगत जाई तिकडंच गोळीही सरकते म्हणत. "चला, आपल्या कापसाचा कोणाले तं उपयोग आहे," असं क्लबातलं कोणीतरी म्हणायचं आणि बाकीचे हलकंसं हसायचे.

मला त्यांनी दुर्बिणीपाशी बसवलं. मांडीवर वही, बाजूला हँडल फिरवायचा काळा टेलिफोन. तसाच दुसरा खड्ड्यात होता. नऊ वाजले की काळ्या जमिनीवरची हवा हलायला लागे आणि दुर्बिणीतून निशाणा पाण्याखाली ठेवल्यासारखा दिसे. खड्ड्यात आता धावजी बसत. जवळच्या तांड्यावरचे साठीतले गृहस्थ, तंबाखू आणि कमी बोलणं.

क्लबाचा एक नियम होता. जो गोळी मारतो त्यानं खड्ड्यात बसलंच पाहिजे. "खालून गोळी ऐकल्याशिवाय वरून मारायची अक्कल येत नाही," उत्तमसिंग म्हणत. नव्या माणसाला आठ रविवार सूट. नवव्या रविवारी त्याची बारी.

३

चौथ्या रविवारी अनघाला पहिल्या पाच गोळ्या मिळाल्या.

पहिली चुकली. झेंडी हलली. दुसरीही चुकली. तिसऱ्या गोळीला मी दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. काठी वर आली. चकती टेकवण्याआधी तिच्या टोकानं चौकटीच्या खालच्या लाकडावर दोनदा ठोकलं. मग चकती निशाण्याच्या डाव्या कडेला गेली. तीनशे मीटरवरून आवाज यायला जवळजवळ एक सेकंद लागतो. चकती स्थिर झाल्यावर माझ्या कानात आलं, टक, टक.

आमच्या घराच्या दाराला लोखंडी कडी आहे. हे दार उघडं असलं तरी कडी दोनदा वाजवून आत यायचे.

मी वहीत "डावीकडे, चार" असं लिहिलं. अक्षर नीट आलं.

डबा खाताना मी धावजींना विचारलं, "चकती लावायच्या आधी दोनदा ठोकता काहून, भाऊ?"

"मी कायले ठोकू, बाई? लाकूड सडलं हाय ते. ठोकलं तं माह्या डोक्यावर येईन."

तेव्हा वारा असेल, असं मी मनाशी म्हटलं. दोर सैल असेल, चौकट हलत असेल. मी दहावी शिकलेली बाई आहे, भुताखेतांचं घरात बोलू देत नाही. पुढच्या दोन रविवारी मी वहीच्या कडेला बारीक टिंबं देत गेले. जिथं ठोकलं तिथं दोन टिंबं. क्लबातल्या दुसऱ्या कोणाच्याही गोळीला टिंब पडलं नाही. अनघाच्या प्रत्येक गोळीला पडलं.

पोरगी झपाट्यानं सुधारत होती. गोळी मारून झाली की मान वर करायची नाही, हा नियम होता. ती मान खालीच ठेवून कान देऊन पडायची. टक, टक ऐकू आलं की तिच्या पाठीवरची ओढ सुटलेली मला मागून दिसायची.

"आई, ऐकलं?" ती एकदा म्हणाली.

"काय?"

"काही नाही," म्हणाली आणि पुढची गोळी भरली.

४

सातव्या रविवारी गोळीबार संपला. खड्डा रिकामा करायला सांगण्यासाठी मी हँडल फिरवलं आणि रिसीव्हर कानाला लावला. कोणीतरी उचलल्याचा आवाज आला.

"झालं आमचं. येतो आता," मी म्हटलं. सवयीनं म्हटलं. निघताना माणूस हेच म्हणतो.

आतून रांजणात तोंड घातल्यावर येते तशी शांतता आली. मग आवाज आला. तोंडावरून पांघरूण घेऊन माणूस बोलतो तसा, ऊबदार आणि दबका.

"अनूले पाठव."

मी मान वर केली. धावजी झेंड्या खांद्यावर टाकून मैदानातून आमच्याकडं चालत येत होते. अर्ध्या वाटेवर होते. त्यांच्या मागं बांध आणि बांधामागं टेकडी, दुसरं काही नव्हतं.

"कोण आहे, वैनी?" उत्तमसिंगांनी विचारलं.

"कोणी नाही."

"वायर सडली आहे ती. कधी कधी आपलाच आवाज वापस येतो."

मला ते पटवून घ्यायचं होतं. पण "पाठव" मी म्हटलं नव्हतं. आणि अनघाला अनू म्हणणारं माणूस जगात एकच होतं.

धावजी आले तशी मी त्यांना पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "खाली काय आहे, भाऊ? खरं सांगा."

त्यांनी तंबाखू मळायची थांबवली. "दोन खण हायेत खाली. मी एक नंबरात बसतो. अवधूतभाऊ दोन नंबरात बसत. एक डाव मी त्याइच्या जागी पाठ टेकवलती. कोणी तरी बाजूले सरकून जागा देल्ली असं वाटलं."

"मग?"

"बरं वाटलं, बाई. खोटं कायले बोलू? इतकं बरं वाटलं का उठायची इच्छाच नाही झाली. उत्तमसिंगनं हात धरून वढलं तवा दुपार झालती. तीन दिवस तापानं पडलतो." त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "माह्यं तं बिगर नात्याचं. नात्याचं असतं, तं उठलो नसतो."

५

त्या आठवड्यात मी अनघाला खड्ड्यात बसू नको म्हणून सांगितलं.

"काहून? माझी बारी आहे पंधरा दिवसांनी. मी तं दिवस मोजून राह्यली."

"तिथं साप निघतात."

"धावजीकाकाले नाही चावला अजून." ती माझ्यासमोर पाटावर बसली. "आई, मी दोन नंबरात बसणार आहे. बाबाच्या जागी. थोडा वेळ. नुसतं बसणार."

"तिथं काही नाही, अनघा."

"तूच म्हणते ना, येतो म्हणून गेलेला माणूस येते." ती रडत नव्हती, हेच मला जास्त लागलं. "त्याइले तू परत बोलावून म्हणायले लावलं. मी खिडकीतून पाह्यलं होतं."

त्या रात्री अंथरुणावर पडून मी तोच विचार करत राहिले. मी जर त्यांना कोपऱ्यावरून परत बोलावलं नसतं, तर ते "जातो" म्हणून सरळ गेले असते.

दुसऱ्या दिवशी मी उत्तमसिंगांच्या घरी गेले आणि अनघाची बारी मला द्या म्हटलं.

"नाही होत, वैनी. गोळी मारणाऱ्यालेच खड्डा. पन्नास वर्षांचा कायदा आहे."

"मग मी मारते."

ते म्हणाले, "तुम्हाले आठ इतवारांची सूट राहील मग."

"सूट नको."

त्यांच्या बायकोनं आतून चहा आणला. तिनं ऐकलं असावं. कप माझ्या हातात देताना ती नवऱ्याला म्हणाली, "शिकवा ना. बायाइचा नेम चांगला राह्यते. तुमच्यावर लाटणं फेकलं तं चुकलं काय कधी?"

रविवारपर्यंत रोज दुपारी मी स्वयंपाकघरात पालथी झोपून केरसुणीच्या दांड्यावर नाणं ठेवत होते. शेजारच्या बेबीताई एकदा दारातून बघून गेल्या आणि त्यांनी कोणाला काही विचारलं नाही.

६

आठव्या रविवारी मी अनघाचा पंजाबी ड्रेस घालून सतरंजीवर झोपले. वय सत्तेचाळीस. कोपरं दुखली. उत्तमसिंगांनी पट्टा आवळला आणि गाल कुंद्यावर ठेवायला सांगितलं. लाकूड गार होतं आणि त्याला तेलाचा वास होता. मागच्या बारीक भोकातून बघितलं की पुढची गोल कडी दिसायची, आणि त्या कडीत मध्यभागी काळा ठिपका. कडी, कडीत ठिपका. श्वास अर्धा सोडला.

पहिल्या गोळीनं खांदा असा मागं लोटला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रायफल आभाळाकडं गेली असणार, मला खात्री होती. मी झेंडीची वाट बघत पडले.

टक, टक.

"डावीकडे, तीन," दुर्बिणीपाशी बसलेली अनघा म्हणाली. तिचा आवाज हसरा होता.

पाचही गोळ्यांना चकती आली. पाचव्या वेळी तर ती काळ्या ठिपक्यात टेकली. "वैनी, तुम्ही तं लपून शिकल्या वाटते," असं उत्तमसिंग म्हणाले. अनघानं मला उठवताना गळ्याला मिठी मारली.

धावजी माझा कागद गुंडाळून घेऊन आले. त्यात दोन भोकं होती. दोन्ही कडेला.

"पाच आहेत ना, भाऊ?" मी हळूच विचारलं.

"दोनच. तीन डाव मी झेंडी हलवली, बाई. तुम्हाले दिसली नाही काय?"

मी कागद डब्याच्या पिशवीत ठेवला. घरी येऊन अनघाचे जुने कागद काढले आणि वहीशी ताडून पाहिले. तिची एकेक गोळी जिथं लिहिली होती तिथंच होती. तिला सगळं खरं दाखवलं होतं. मला गोड दाखवलं होतं.

जिथं लागली तिथं दाखवायची, असं म्हणणारा माणूस हे करणार नाही, असं एक मन म्हणे. मग ते कोण? दुसरं मन म्हणे, बावीस वर्षांत एकदा तरी भाजी खारट झाली म्हणाले का ते तुला? या दोन मनांत मी आठवडा काढला. एक मात्र मला दोन्हीकडून सारखंच कळत होतं. जे कोणी होतं, ते आमच्यावर माया करत होतं. आणि धावजींना तापात पाडणारं तेच होतं.

७

नवव्या रविवारी सकाळी साडेआठला मी खड्ड्यात उतरले. अनघा रुसली होती. पाच गोळ्या मी खालून दाखवणार आणि नंतर तिनं एकदा येऊन नुसतं बघून जायचं, असं तिनं उत्तमसिंगांकडून कबूल करून घेतलं होतं. मला ते खाली उतरल्यावर टेलिफोनवर कळलं.

खड्ड्यात ऊन नव्हतं. सिमेंटची लांब भिंत, तिला लागून बाक, मध्ये छातीएवढी आडभिंत. अलीकडं एक नंबर, पलीकडं दोन. कोपऱ्यात खळीचा डबा, चिकटवायच्या कागदाचे तुकडे, काठी, झेंडी. भिंतीवर पेन्सिलीनं कोणीकोणी नावं लिहिलेली. दोन नंबरकडं मी पाठ करून बसले.

खाली सगळं उलटं असतं. वरती आधी रायफल वाजते. खाली आधी गोळी येते. डोक्यावर कोरडी काडी मोडल्यासारखा चटका होतो, माती पडते आणि मग दुरून रायफलीचा आवाज येतो, उशीर झालेल्या माणसासारखा.

अनघाच्या चार गोळ्या मी दाखवल्या. चकती बरोबर जागी लावली. एकदाही ठोकलं नाही. चारही वेळा माझी काठी वर जाण्याआधी आडभिंतीपलीकडून आवाज आला. टक, टक.

पाचवी गोळी आली. मी चकती लावली, काठी खाली घेतली आणि बाकावर टेकले. आणि मला बरं वाटलं.

कसं सांगू? सकाळची सगळी कामं आटोपून, घरातलं कोणी बाहेर नाही, सगळे जेवलेले, असं झाल्यावर जे वाटतं तसं. मार्चपासून मला तसं वाटलं नव्हतं. पाठ आपोआप भिंतीला लागली. मान दोन नंबरकडं वळली, मी वळवली नव्हती.

आडभिंतीत एक वीट निघालेली होती. त्या फटीतून मला दोन हात दिसले. तेवढेच. दोन्ही चिमटींत रुईचा पुंजका होता आणि ते तो हळूहळू ओढत होते. धागा लांब होत होता, लांब होत होता, तुटत नव्हता. उजव्या अंगठ्याच्या नखावरची जुनी चीर मी ओळखली.

टेलिफोन वाजला.

"आई, झालं माझं. येते मी खाली."

"येऊ नको."

"कायले? कबूल झालं ना? येते." तिनं ठेवून दिलं.

तीनशे मीटर चालायला चार मिनिटं लागतात. मी उठायला गेले आणि उठवेना. पाय दुखत नव्हते, कोणी धरलं नव्हतं. फक्त उठावंसं वाटत नव्हतं. फटीतले हात थांबले होते. वाट बघणारे हात असतात तसे.

मी आयुष्यात कधी न म्हटलेलं म्हटलं. "जाते मी."

पांघरुणातून यावा तसा आवाज आला. त्यात राग नव्हता. थोडं हसूच होतं.

"असं म्हणू नये, कुंदे."

वरती मातीवर अनघाच्या बुटांचा आवाज येऊ लागला होता. ती पळत होती.

"येते म्हणावं," आवाज म्हणाला.

"येते," मी म्हटलं. "मी येते. अहो, ऐका. तिनं आता म्हटलं ते धरू नका. ती लहान आहे. माझं धरा. मी येते म्हटलं ना, मी येईन."

बराच वेळ काही झालं नाही. खरं म्हणजे दोन-तीन श्वास असतील. मग आडभिंतीपलीकडच्या लाकडावर दोनदा वाजलं आणि माझे पाय सुटले.

अनघा वरच्या पायरीवर होती. मी वर चढून तिला दोन्ही खांद्यांना धरलं आणि तशीच मागं फिरवली. तिनं माझ्या खांद्यावरून खाली वाकून बघायचा प्रयत्न केला.

"आई, बाबा?"

"कोणी नाही. सडलेलं लाकूड आहे नुसतं, ते वाऱ्यानं वाजते."

पोरीशी मी पुन्हा खोटं बोलले. तिचा चेहरा हळूहळू विझला आणि मग ती माझ्या कुशीत शिरून रडली, मार्चमध्ये रडली नव्हती तशी. मी तिला चालवत वर घेऊन आले. मागं वळून बघितलं नाही.

८

त्यानंतर तिच्या गोळ्यांना ठोकणं आलं नाही. पहिले दोन रविवार तिचा नेम बिघडला. मग स्वतःचा नेम तिला सापडला. उन्हाळ्यात पुण्याच्या शिबिरासाठी तिची निवड झाली. वर्षभर तिकडंच राहायचं होतं.

निघायच्या सकाळी बेबीताई दही-साखर घेऊन आल्या. अनघानं बॅग उचलली, माझ्या पाया पडली आणि दारात उभी राहून म्हणाली, "आई, येते."

"जाते म्हण," मी म्हटलं.

"असं कोणी म्हणते काय, बाई?" बेबीताई म्हणाल्या. "पोरगी एवढ्या लांब निघाली."

"म्हण, अनू. जाते म्हण."

अनघानं माझ्याकडं पाहिलं. तिला किती कळलं, मला माहीत नाही. मी तिला अनू कधीच म्हणत नसे.

"जाते, आई," ती म्हणाली.

ती फाटकाबाहेर पडली. कोपऱ्यावर पोचल्यावर तिचं पाऊल जरा घुटमळलं, हाकेची वाट बघितल्यासारखं. मी हाक मारली नाही. ती वळून दिसेनाशी झाली.

मी घरात आले आणि दार नुसतं लोटून घेतलं. कडी लावली नाही. दर रविवारी खड्ड्यात माझी बारी असते.